अंधार, शस्त्र आणि अंगठा : बंदुकीवरच्या दिव्याचे बटण कोठे असावे?

१/
पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या महामार्गाला लागले की शिरढोण मागे पडते आणि थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. मुठीतून वर काढलेल्या अंगठ्यासारखा त्याचा आकार आहे. या थ्रेडचा विषयही अंगठाच आहे : रात्रीच्या अंधारात शस्त्र धरून उभ्या असलेल्या माणसाचा अंगठा. आजच्या रायफलीवर पुढच्या बाजूला दिवा बसवतात आणि त्याचे बटण वायरीने मागे आणून अंगठ्याखाली ठेवतात. ते बटण दोन बोटे पुढे असावे की दोन बोटे मागे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. प्रत्यक्षात त्याच्यामागे काही शतकांचा इतिहास उभा आहे.

२/
मूळ अडचण अगदी साधी आहे. माणसाला हात दोनच. बंदूक नीट रोखायची तर दोन्ही हात तिच्यातच गुंततात. अंधारात समोरचा कोण हे पाहायचे तर दिवा हवा, आणि दिवा धरायला तिसरा हात हवा. हा तिसरा हात कोणाचा असावा, या प्रश्नाला प्रत्येक काळाने आपापले उत्तर दिले. त्या उत्तरांचा क्रम लावला की एक गोष्ट ध्यानात येते. प्रकाश किती प्रखर आहे याला दुय्यम महत्त्व आहे. तो कोणाच्या हुकमात आहे, यावर माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत.

३/
पहिले उत्तर होते दुसरा माणूस. मराठीत त्याला दिवट्या म्हणत, दरबारी भाषेत मशालजी. खंडोबाच्या कुळाचारातील दिवटी-बुधली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे काम कसे चाले याची कल्पना सहज येईल. एका हातात चिंध्या गुंडाळलेली दिवटी, दुसऱ्या हातात तेलाची बुधली. म्हणजे मशाल धरणाऱ्याचे दोन्ही हात प्रकाशातच गुंतलेले. तो स्वतः लढू शकत नाही, आणि जो लढतो त्याला प्रकाशाची दिशा ठरवता येत नाही. त्यातच सर्वांत आधी शत्रूच्या नजरेस पडतो तो दिवट्याच. दिव्याखाली अंधार ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

४/
प्रकाश दुसऱ्याच्या हाती असला की काय होते, याचे मोठे उदाहरण पुण्यात घडले. ५ एप्रिल १६६३ ची रात्र. रमजानचा महिना. शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी शायिस्ताखानाच्या छावणीत शिरले आणि लाल महालात स्वयंपाकघराच्या बाजूने भिंत फोडून आत आले. घर महाराजांच्या बालपणापासूनच्या ओळखीचे होते. त्यामुळे खोल्या, दारे, वळणे पाहण्यासाठी त्यांना दिव्याची फारशी गरज नव्हती. गरज होती ती खान कोण हे ओळखण्यापुरती.

५/
नेमक्या त्याच क्षणी दिवे विझले. जनानखान्यातील कोणा प्रसंगावधानी स्त्रीने ते विझवले असावेत, असा जदुनाथ सरकारांचा तर्क आहे. मग आंधळी कोशिंबीर सुरू झाली. त्या गर्दीत दोन मराठे पाण्याच्या हौदात पडले. दासींनी जखमी खानाला आडोशाला नेले. खान वाचला, पण त्याचा हात कायमचा अधू झाला. त्याचा मुलगा अबुल फतह मारला गेला. छाप्याचा धाक साऱ्या हिंदुस्थानात पसरला. तरीही लष्करी दृष्टीने एक तपशील उरतोच : ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप केला तो माणूस हातातून निसटला, कारण खोलीतला दिवा हल्लेखोरांच्या हुकमात नव्हता.

६/
याच रात्रीची दुसरी गोष्ट परंपरेने सांगितली जाते. महाराजांची माणसे सिंहगडाकडे निघाली आणि पाठलाग करणाऱ्या मोगलांना चकवण्यासाठी कात्रजच्या बाजूला बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून पेटवले. मोगल त्या उजेडामागे धावले. कात्रजचा घाट दाखवणे हा वाक्प्रचार या कथेशी जोडला जातो. कथेतील तपशील लोकपरंपरेचे आहेत, हे मान्य. तथापि तिच्यातील शहाणपण अस्सल आहे. अंधारात माणूस प्रकाशालाच शत्रू समजतो. म्हणून प्रकाश स्वतःपासून दूर ठेवता आला, तर तो ढालीचे काम करतो.

७/
हे शहाणपण केवळ सह्याद्रीचे नव्हते. वीस वर्षे आधी इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांचे यादवी युद्ध चालू होते. ५ जुलै १६४३ रोजी बाथ शहराजवळ लॅन्सडाउनच्या टेकडीवर दिवसभर लढाई झाली. रात्री संसदेच्या बाजूचा सेनापती विल्यम वॉलर याने माघार घेतली. जाताना त्याच्या शिपायांनी बंदुकीचे पेटते तोडे दगडी कुंपणावर लावून ठेवले आणि भाले तसेच उभे सोडले. समोरच्यांना वाटत राहिले की भिंतीआड बंदूकधारी सज्ज आहेत. भिंतीआड माणूस नव्हता, फक्त ठिणग्या होत्या.

८/
ही युक्ती का साधली, हे कळण्यासाठी तोड्याची बंदूक समजून घ्यावी लागते. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. ती भडकत नाही, टोकाशी निखाऱ्यासारखी धुमसत राहते. बंदुकीच्या बाजूला एका छोट्या वाटीत बारीक दारू असते. तिला रंजक म्हणत. चाप ओढला की तोडा धरणारी लोखंडी पट्टी खाली झुकते, निखारा रंजकाला लागतो, रंजक पेटून कानाच्या छिद्रातून आग नळीत शिरते आणि बार होतो. सतराव्या शतकात महाराष्ट्रातील बहुतेक बंदुका याच जातीच्या होत्या.

९/
आज बंदूक हाताळण्याच्या सोयीची चर्चा नवी वाटते. प्रत्यक्षात तोड्याच्या बंदुकीने ती आधीच सुरू केली होती. त्याआधी हातबंदुकीच्या छिद्राला जळती वात एका हाताने लावावी लागे. तेवढ्यात दुसऱ्या हातातली नळी हलत असे आणि नेम चुकत असे. तोडा धरणारी पट्टी आणि तिचा चाप आल्यावर आग बोटाच्या टोकाशी आली आणि दोन्ही हात बंदुकीवर स्थिर राहू लागले. शोध आगीचा नव्हता, दारूचा नव्हता. शोध होता तो आगीचे बटण योग्य जागी आणण्याचा. बंदुकीच्या इतिहासातील ही पहिली मोठी सोय.

१०/
पण तिची किंमतही होती. तोडा विझवून चालत नसे. वेळ आली की पेटवायला सवड कोठून मिळणार? म्हणून पहाऱ्यावरचा शिपाई धुमसता तोडा जवळ बाळगे. अंधारात तो लाल ठिपका आणि सोऱ्याचा वास दुरूनच सांगे की येथे माणूस आहे. युरोपातील शिपाई यावर उपाय म्हणून भोके पाडलेली पत्र्याची नळी वापरत आणि पेटता तोडा तिच्यात लपवत. म्हणजे आग बोटाच्या हुकमात आली होती. तिचा उजेड मात्र अजून हुकमात आला नव्हता. तो चोवीस तास चालू होता.

११/
मराठ्यांच्या रात्रीच्या हल्ल्यांकडे या दृष्टीने पाहिले की त्यांची शिस्त अधिक स्पष्ट होते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांच्या माणसांनी कोंढाणा जिंकला. कडा अंधारात चढला गेला आणि लढाई मुख्यतः तलवारीची झाली. उजेड केला तो काम फत्ते झाल्यावर. गडावरचे गवती शाकारणीचे छप्पर पेटवून राजगडाला खूण दिली गेली. प्रकाश शेवटी, एकदाच आणि कारणापुरता. आजच्या रायफलीवरचे दिवे वापरण्याचा पहिला नियम नेमका हाच आहे.

१२/
त्याच वर्षी मराठे कर्नाळ्याखाली आले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कर्नाळाही होता. १६७० मध्ये तो परत घेताना मराठे समोर आडोसे उभारत, त्यांच्या आधाराने पुढे सरकत वर गेले, अशी नोंद मिळते. वरून खाली पाहणाऱ्या पहारेकऱ्याला उतारावरचा माणूस दिवसा स्पष्ट दिसतो आणि रात्री त्याचा तोडा दिसतो. आडोसा दोन्हींपासून झाकतो. पनवेल आणि बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा हा गड असा पावलापावलाने परत मिळाला.

१३/
पुढचा टप्पा चकमकीच्या बंदुकीचा. तिच्यात जळता तोडा नाही. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते आणि ठिणगी त्या क्षणापुरतीच उडते. म्हणजे हवी तेव्हा आग, एरवी काळोख. युरोपात अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही पद्धत स्थिरावली. आपल्याकडे महादजी शिंदे यांनी द बॉइन याच्याकरवी उभ्या केलेल्या कवायती पलटणींच्या हाती अशाच बंदुका होत्या. गावागावांत मात्र तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकातही टिकून राहिली. ती स्वस्त होती, गावच्या लोहाराला दुरुस्त करता येत होती आणि गारगोटीसारखी ऐन वेळी दगा देत नव्हती.

१४/
आगीला बटण मिळाले. दिव्याला कधी मिळाले? त्याचे जुने उत्तर म्हणजे चोरकंदील. पत्र्याच्या आवरणात ज्योत सतत जळत असते आणि झडप फिरवली की उजेड बाहेर पडतो, पुन्हा फिरवली की लपतो. १६०५ मध्ये लंडनच्या संसदेखाली दारूच्या पिंपांसह पकडल्या गेलेल्या गाय फॉक्सचा म्हणून जो कंदील ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात ठेवला आहे, तो याच जातीचा. १८२९ नंतर लंडनच्या पोलिसांच्या कमरेला असे भिंगाचे कंदील आले. तेल गरम होई, पत्रा चटके देई. पण झडप आता पाहणाऱ्याच्याच बोटाखाली होती.

१५/
आता पुन्हा पनवेलच्या रस्त्यावर येऊ. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे गाव. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते, आणि १८१८ मध्ये तो गड इंग्रजांनी घेतला. १८७६–७७ च्या दुष्काळाने होरपळलेल्या मुलखात फडक्यांनी रामोशी, कोळी आणि इतर साथीदार जमवून सरकारविरुद्ध बंड उभारले. २३ फेब्रुवारी १८७९ रोजी शिरूर तालुक्यातील धामारीवर त्यांनी पहिला मोठा छापा घातला. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने शस्त्रबंदीचा कायदा केला होता. माणसे मिळत होती, शस्त्रे आणि पैसा मिळत नव्हता.

१६/
१८७९ च्या मे महिन्यात, १० आणि ११ तारखेच्या सुमारास, दौलतराव नाईक यांची टोळी घाट उतरून कोकणात आली आणि तिने पळस्पे व चिखली लुटली. लूट सुमारे दीड लाख रुपयांची होती, असे सांगतात. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि दौलतराव गोळीने ठार झाले. आज ज्या पळस्पे फाट्यावर रात्रभर वाहनांचे दिवे वाहत असतात, तेथे दीडशे वर्षांपूर्वी रात्रीचा उजेड म्हणजे चांदणे, पणती किंवा टेंभा. हिंदुस्थानातील त्या काळचे दरोडे बहुधा टेंभ्यांच्या उजेडात पडत. सरकारी कागदांत मशालीच्या दरोड्यांचा वेगळा उल्लेखही येतो.

१७/
दोन्ही बाजूंची तुलना येथे उद्बोधक ठरते. सरकारी शिपायाच्या हाती एव्हाना मागून काडतूस भरण्याची बंदूक येत होती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्येच सुरू झाला होता. काडतुसामुळे आग पितळी नळकांड्यात बंद झाली. तोडा नको, रंजक नको, गारगोटी नको. शस्त्रातील उजेड शून्यावर आला. मात्र समोरचा माणूस पाहण्यासाठी लागणारा प्रकाश अजूनही दुसऱ्याच्या हातातल्या कंदिलात किंवा आकाशातल्या चंद्रात होता. फडके स्वतः पकडले गेले ते २० जुलै १८७९ च्या रात्री, देवर नावडगी येथे, झोपेत असताना. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

१८/
वीस वर्षांनी दिव्याला खरे बटण मिळाले. जानेवारी १८९९ मध्ये डेव्हिड मिझेल या न्यूयॉर्कमधील संशोधकाला नळीच्या आकाराच्या विजेरीचे अमेरिकी पेटंट मिळाले. आरंभीचे सेल इतके दुर्बळ होते की दिवा क्षणभर लुकलुके आणि मग त्याला विश्रांती द्यावी लागे. त्यावरूनच तिचे इंग्रजी नाव लखलखाट या अर्थाच्या शब्दाने सुरू होते. आपल्या खेड्यांत तिला सरळ बॅटरी म्हणू लागले. ज्योतीला वारा लागतो, मशालीला तेल लागते. विजेरीला फक्त अंगठा लागतो.

१९/
अंगठा लागतो हे खरे, पण बंदुकीवरचा कोणता अंगठा? याचे उत्तर शिकाऱ्यांनी आधी शोधले. २ मे १९२६ ची रात्र. गढवालमधील रुद्रप्रयागजवळ गुलाबराय येथे आंब्याच्या झाडावर जिम कॉर्बेट बसला होता. त्या भागातील नरभक्षक बिबट्याने सरकारी नोंदीनुसार १२५ माणसे मारली होती. खाली बोकड बांधलेला, रात्र काळी. विजेरी कॉर्बेटने बंदुकीलाच बसवली होती. बोकडाच्या गळ्यातील घंटा एकदम वाजली. त्याने बटण दाबले. प्रकाशात बिबट्याचा खांदा दिसला आणि नेम आधीच त्याच्यावर होता. बंदूक तसूभरही न हलवता त्याने चाप ओढला.

२०/
लगेच विजेरी विझली. गोळी लागली की नाही, हे कळायला कॉर्बेटला पहाटेपर्यंत झाडावरच अंधारात बसावे लागले. उजाडल्यावर तो बिबट्या मेलेला आढळला. त्याला मिळालेला उजेड क्षणाचाच होता, तरी तो पुरला. कारण दिवा, नळी आणि नजर एकाच रेषेत होती आणि बटणासाठी बंदुकीवरची पकड सोडावी लागली नव्हती. दिवा अधिक प्रखर असता पण बटण लांब असते, तर त्या हालचालीत बंदूक डगमगली असती. तिसरा हात सापडला होता, आणि तो बंदूक धरणाऱ्या हाताचाच अंगठा होता.

२१/
पुढे पोलीस आणि लष्कर याच मार्गाने गेले. ५ मे १९८० रोजी लंडनमधील इराणी दूतावासात ब्रिटिश कमांडो शिरले, तेव्हा त्यांच्या छोट्या मशीनगनांवर विजेऱ्या बसवलेल्या होत्या. त्या काळी दिवा चिकटपट्टीने किंवा लोखंडी पट्ट्यांनी बांधण्याचे जुगाड सर्रास चाले. १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने बंदुकीवर खाचांची ठरावीक मापाची पट्टी, म्हणजे रेल, प्रमाण मानली आणि दिवा कोठेही घट्ट बसवता येऊ लागला. दिवा नळीच्या तोंडाजवळ असला तर नळीची सावली कमी पडते. मात्र तेथपर्यंत अंगठा पोहोचत नाही. म्हणून दिवा पुढे आणि वायरीच्या टोकाची दाबपट्टी मागे, अशी विभागणी झाली.

२२/
ही दाबपट्टी कोठे लावायची? रिकामी, तपासून खात्री केलेली रायफल डोळे मिटून खांद्याला लावावी आणि पुढचा हात नैसर्गिकपणे जेथे पडतो तेथे अंगठा टेकू द्यावा. तीच बटणाची जागा. ती फार पुढे गेली तर हात ताणला जातो आणि थोड्याच वेळात दंड भरून येतो. फार मागे आली तर कोपर आखडते आणि नळीचे तोंड डोलू लागते. नळीच्या आवरणाच्या माथ्यावर लावली तर डावा-उजवा कोणताही हात चालतो. कडेला लावली तर अंगठा अधिक सैल राहतो, पण हात बदलला की गैरसोय होते. वायर कपड्यात अडकू नये आणि तापलेल्या नळीला लागू नये, हेही पाहावे लागते.

२३/
या सोयीला चैन समजणे चूक ठरेल. दाबले की उजेड, सोडले की काळोख, ही क्षणिक पद्धत तेव्हाच शक्य होते जेव्हा अंगठ्याला श्रम पडत नाहीत. अवघडलेला अंगठा एक तर दिवा उशिरा लावतो किंवा तो चालूच ठेवतो. चालू राहिलेला दिवा म्हणजे पुन्हा तोच धुमसता तोडा. नकळत दाबले गेलेले बटण म्हणजे आपणच आपल्यावर लावलेला पलिता. म्हणून खांद्याला अडकवलेल्या रायफलीवर दिवा पूर्ण बंद करण्याची वेगळी कळ ठेवतात. सतराव्या शतकातील पत्र्याची नळी आणि ही कळ यांचे काम एकच आहे.

२४/
आणखी एक धोका अधिक गंभीर आहे. दिव्याचे बटण आणि बंदुकीचा चाप एकाच हाताच्या बोटांकडे सोपवले, तर ताणाखाली बोटांची गल्लत होते. अमेरिकेत पिस्तुलाच्या बाबतीत अशा दुर्घटना घडल्या. दिवा लावण्याच्या बेतात असलेल्या पोलिसाकडून गोळी सुटली, माणूस मेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. दिवा ज्याला ओळखण्यासाठी होता, त्याचाच जीव गेला. म्हणून रायफलीवर चापाचे बोट एका हाताचे आणि दिव्याचा अंगठा दुसऱ्या हाताचा, अशी वाटणी शिकवतात. आधी पाहणे, मग ठरवणे, आणि दोन्हींसाठी वेगवेगळे हात. लांबवर आणलेल्या बटणाचा खरा लाभ हा आहे.

२५/
प्रकाश कोणाच्या हुकमात आहे, हा प्रश्न मुंबईनेही अनुभवला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीसमोर पळवलेली स्कोडा गाडी येऊन थांबली. आतल्या दोन अतिरेक्यांनी गाडीचे दिवे प्रखर केले आणि काचेवर पाणी मारून वायपर सुरू केले, जेणेकरून पोलिसांना आतले काही दिसू नये. येथे प्रकाश हाच पडदा झाला. तो पडदा ओलांडून सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे पुढे गेले. शस्त्र म्हणून जवळ फक्त लाठी. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली, अंगावर गोळ्या झेलल्या आणि सोडली नाही. कसाब जिवंत पकडला गेला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

२६/
त्या रात्रीनंतर तीन दिवस ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाऊस येथे एनएसजीचे कमांडो धुराने भरलेल्या मार्गिकांतून खोली खोली तपासत होते. प्रत्येक दारामागे अतिरेकी असू शकत होता आणि घाबरलेला पाहुणाही. तेथे दिवा हे नेम धरण्याचे साधन असण्याआधी माणूस ओळखण्याचे साधन होते. २००९ मध्ये मुंबईत एनएसजीचे केंद्र सुरू झाले आणि महाराष्ट्र पोलिसांनी फोर्स वन हे पथक उभे केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय सैन्यदलांसाठी ७२,४०० सिग सॉअर रायफलींचा करार झाला. या रायफलींवर दिवा बसवण्यासाठी रेल मुळातच आहे.

२७/
ज्यांनी कधी रायफल हातात धरली नाही, त्यांनाही हा इतिहास अनोळखी नाही. जुन्या ट्रकांत डिप्परचे बटण चालकाच्या डाव्या पायाशी असे. वळणावर क्लच दाबायचा की डिप्पर, अशी पायाची ओढाताण होई. पुढे ती कळ स्टिअरिंगजवळ आली आणि हात न सोडता बोटाने अप्पर-डिप्पर करता येऊ लागले. दिवा तोच राहिला, कळ हलली आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणे चालकाच्या बोटावर आले. कर्नाळ्याच्या वळणांवर रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला या सोयीचे मोल ठाऊक आहे.

२८/
दिवट्याचा हात, बैलांची शिंगे, भिंतीवरचे तोडे, चोरकंदिलाची झडप, कॉर्बेटची विजेरी आणि आजची दाबपट्टी हा एकाच प्रवासाचा क्रम आहे. प्रकाश हळूहळू त्या माणसाच्या अंगठ्याखाली आला, ज्याला समोरच्याच्या जिवाचा निर्णय घ्यायचा असतो. त्याबरोबर जबाबदारीही तेथेच आली. लाल महालात दिवा विझला हे नशीब होते. आज तो चुकीच्या क्षणी लागला किंवा लागलाच नाही, तर तो हाताचा दोष ठरेल. म्हणून बटणाची जागा दोन बोटे इकडे की तिकडे, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

(समाप्त)